मत कुणाच्या ताटातलं नव्हतं

माघारीच्या शेवटच्या दिवशी मी साक्रीच्या तहसील कचेरीसमोर उभी होते. तीन वाजले की मुदत संपणार होती. जानेवारी 2020 च्या पंचायत समितीच्या निवडणुकीत आमचा गण महिलांसाठी राखीव होता आणि मी अपक्ष अर्ज भरला होता.

भावकीतले एक आप्पा मला टपरीवर घेऊन गेले. माझ्या लग्नात मांडव त्यांनीच उभा केला होता. चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. "बेटी, तू उभी राहिनी ते आपला मानूस पडी," एवढंच म्हणाले. डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती. धमकी देणाऱ्याला उत्तर देणं सोपं असतं, आप्पांना देणं अवघड गेलं.

मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या माणसाला पाड्यावरच्या पोरांबद्दल एकदा तरी विचारलंत?"

आमच्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. भाडण्याचा पांझरा-कान कारखाना तेव्हा बंद पडलेला, इथं कोयत्याला काम नव्हतं. मुलं आईबापाबरोबर फडावर जातात आणि शाळेच्या पटावर नुसती नावं राहतात. त्या चार-पाच महिन्यांसाठी मुलांची गावातच राहण्या-जेवण्याची सोय व्हावी, एवढी एक मागणी घेऊन मी दोन्ही पक्षांच्या दारात गेले होते. दोघांनी हारतुरे घेतले, पण मागणी कुणीच घेतली नाही. म्हणून मी उभी राहिले.

दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्याच विधानसभेची आप्पांना आठवण करून दिली. मंजुळा गावित 2014 ला साक्रीतून भाजपच्या तिकिटावर हरल्या होत्या. 2019 ला तिकीट दुसऱ्याला गेलं, त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि दोन्ही मोठ्या पक्षांना मागे टाकून आमदार झाल्या. आमच्या पारावर तेव्हाही हेच ऐकलं होतं, की बाई फक्त मतं खाणार. कोण कुणाची मतं खातो हे पेटी उघडल्यावरच कळतं. त्यांच्यामागे ताकद होती, माझ्यामागे नव्हती, हा फरक मला ठाऊक होता.

तीन वाजून गेले. आप्पा न बोलता फटफटीला किक मारून निघून गेले.

7 जानेवारीला मतदान आणि दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. मी तिसरी आले. निवडून आलेल्या उमेदवाराची आघाडी मला पडलेल्या मतांहून कमी निघाली. संध्याकाळपासून भावकीतल्या घरांत माझ्याशी बोलणं बंद झालं. आप्पा सहा महिने आमच्या ओट्यावर चढले नाहीत.

त्या रात्री मी स्वतःलाही विचारलं. माझी काही मतं नक्कीच आप्पांच्या माणसाची होती, ते मी नाकारत नाही. पण एक बाई स्वतःच्या भाड्याने फडावरून मत द्यायला आली होती. तिला आणायला कुणाची गाडी गेली नव्हती. मी नसते तर ती आलीच नसती, हे तिनेच मला सांगितलं. तिचं मत मी कुणाच्या ताटातून उचललं?

अमेरिकेत 2000 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातला निकाल 537 मतांवर ठरला. तिथं तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. मतं खाल्ली, हेच त्यांनाही पुढे अनेक वर्षं ऐकावं लागलं. म्हणजे दोष मतमोजणीच्या रीतीत आहे, आणि तो दरवेळी तिसऱ्याच्या माथी मारला जातो.

दुसरी रीत मी स्वतःच्या हाताने वापरली आहे. 30 जानेवारी 2023 ला नाशिक पदवीधर मतदारसंघासाठी मत दिलं. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीचा मोजणीतून बाद झाला तर मत पुढच्या पसंतीकडे जातं. तिसऱ्याला दिलेलं मत वाया जात नाही आणि कुणी कुणाला पाडलं म्हणून भावकी तुटत नाही.

विधान परिषदेसाठी पदवीधराच्या हाती जो कागद देता, तोच ऊस तोडणाऱ्या बाईच्या हाती पंचायत समितीच्या निवडणुकीत द्या. पसंतीचे आकडे तिलाही लिहिता येतील.