चार नावांची गाणी

आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या कॅसेटसोबत गाण्यांचे शब्द छापून येत नसत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात कॉलेजात असलेल्या एका मुलाला याचा फार त्रास व्हायचा. इतर बँडांच्या कॅसेटमधला घडीचा कागद उलगडला की शब्द हाती लागत. इथे नुसते फोटो आणि नावं. मग तो केमिस्ट्रीच्या जर्नलच्या मागच्या पानांवर ऐकू येईल तसं उतरवून काढायचा. अडलं की टेप मागे न्यायची, पुन्हा अडलं की जागा मोकळी सोडून पुढे जायचं. कालांतराने त्याला कळलं की खुद्द अमेरिकेतल्या श्रोत्यांचीही हीच गत होती.

कॅसेटमधल्या त्या कागदावर आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. प्रत्येक गाण्याचं श्रेय चौघांना होतं: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. क्रम आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे, आणि गाणं कुणाच्या डोक्यातून निघालं याबद्दल अवाक्षर नाही. त्याला तेव्हा ते केवळ सौजन्य वाटलं. पुढची तीस वर्षं हे रेकॉर्ड ऐकताना त्या चार नावांचा अर्थ त्याला हळूहळू कानांनी समजत गेला.

बँडची आणि त्याची गाठ पडली ती मध्यावरच. 1991चं ‘लूजिंग माय रिलिजन’ केबलवरच्या एमटीव्हीमुळे घराघरांत आलं. गिटारवादक पीटर बक नुकताच मँडोलिन शिकत होता. त्या रियाझातून गाण्याची धून निघाली. व्हिडिओ केला होता जालंधरात जन्मलेल्या तरसेम सिंगने. त्यात काराव्हाज्योच्या चित्रांसारखा उजेड-अंधार होता, पंख लावलेला म्हातारा होता, आणि आपल्याकडच्या देवादिकांच्या कॅलेंडरांची आठवण करून देणारी दृश्यंही होती. अमेरिकन प्रेक्षकाला ते विलक्षण वाटलं असेल. सदाशिव पेठेतल्या मुलाला ते निम्मं ओळखीचं होतं.

तिथून तो मागे गेला.

जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात 5 एप्रिल 1980 रोजी एका जुन्या चर्चमध्ये वाढदिवसाची पार्टी होती. तिथे हे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. पुढच्या वर्षीची पहिली सिंगल ‘रेडिओ फ्री युरोप’ रेकॉर्ड झाली मिच ईस्टरच्या आईवडिलांच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत. पहिल्या अल्बमसाठी कंपनीने आधी दुसरा निर्माता दिला होता. त्याने ड्रमर बिल बेरीकडून एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, वर सिंथेसायझर चढवला. चौघांनाही ते नको होतं. ते ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्याकडे परतले आणि शार्लट शहरात ‘मर्मर’ तयार झाला. 1983 हे मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चं वर्ष, तरी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ची निवड केली.

अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने ‘मर्मर’ आणला, तेव्हा त्या मुलाची जर्नलची युक्ती पार कोलमडली. मायकेल स्टाइपचा आवाज वाद्यांच्या पुढे नाहीच, तो त्यांच्यात मिसळलेला. बक कॉर्ड एकदम न वाजवता तिचे सूर सुटे सुटे छेडतो. माइक मिल्सचा बास खाली सूर धरून न बसता स्वतःची वेगळी चाल गातो. मागे बेरी अजिबात घाई न करता ताल धरून आहे. गिटारचा लांबलचक एकल तुकडा कुठेच नाही. ‘परफेक्ट सर्कल’ तर बेरीने आणलेलं गाणं. त्यात तो आणि मिल्स दोन वेगळ्या पियानोंवर एकच सुरावट वाजवतात. रॉक बँडचा ड्रमर पियानोशी बसून इतकं हळवं गाणं रचतो, ही त्या काळात सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती.

स्टाइप अस्पष्ट का गायचा, याचं उत्तर दुसऱ्या अल्बमच्या वेळच्या एका प्रसंगात थोडंफार मिळतं. एका गाण्याला त्याचा आवाज लागेना. फारच दबका येत होता. डिक्सनने स्टुडिओत पडलेला भक्तिगीतांचा एक जुना रेकॉर्ड त्याच्या हातात दिला. स्टाइपने त्या रेकॉर्डच्या पाठीवरचा मजकूर, गायकांची स्तुती वगैरे सगळा, जसाच्या तसा त्या चालीत गाऊन टाकला. आवाज मोकळा झाला, मग मूळ शब्द नीट गायले गेले. तो स्तुतीचा मजकूरही पुढे ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ या नावाने 1987च्या ‘डेड लेटर ऑफिस’ या संग्रहात आला, आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो. शब्द काहीही असोत, त्या गळ्यात भाव आधीपासूनच होता.

मग 1992चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. नाव अथेन्समधल्या ‘वीव्हर डीज’ या खाणावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेलं. चौघं तिशीतले, जगभर नाव झालेलं, आणि अल्बम मात्र म्हातारपणाचा, मरणाचा, मागे राहिलेल्यांचा. चार गाण्यांतल्या तंतुवाद्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ बहुतांशी बेरीचं. पण त्यात तो ड्रम वाजवतच नाही, ठेका एका साध्या ड्रम मशीनचा आहे. आपल्याच गाण्याला आपल्या वादनाची गरज नाही हे ओळखून ड्रमरने हात आवरता घेणं, याहून मोठा समजूतदारपणा संगीतात क्वचितच ऐकायला मिळतो.

विशीत त्या पुणेकर श्रोत्याला हा अल्बम पावसाळी दुपारी ऐकायचा उदास, सुंदर अल्बम वाटायचा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मात्र ‘ट्राय नॉट टु ब्रीद’ पुन्हा कानावर पडलं. आपलं मरण आपल्या मनासारखं व्हावं, असं म्हणणाऱ्या वृद्ध माणसाचं ते गाणं. वडील नळ्या काढून टाका म्हणत होते आणि घरातली माणसं त्यांना गप्प करत होती. त्या रात्री त्याने ते गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत समजून ऐकलं, आणि सकाळी डॉक्टरांशी बोलताना वडिलांची बाजू घेतली.

1 मार्च 1995 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये कार्यक्रम चालू असताना बेरी कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शस्त्रक्रियेनंतर तो परतला आणि दौरा पुढे सुरू झाला. 1996चा ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ हा बराचसा त्याच दौऱ्यात तयार झाला, कार्यक्रमांत आणि कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकमध्ये. एक तुकडा तर ड्रेसिंग रूममधला आहे. चौघांचा हा अखेरचा अल्बम, आणि त्या श्रोत्याच्या मते सर्वांत मोठा. त्यात थकवा आहे, रस्ता आहे, आणि एकमेकांना न बघता समजून घेणाऱ्या चार माणसांचं वाजवणं आहे.

ऑक्टोबर 1997मध्ये बेरीने बँड सोडला. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जात नाही, असं त्याने बाकीच्यांना बजावलं होतं. तो शेतीकडे वळला.

पुढच्याच वर्षीच्या ‘अप’ अल्बमसोबत गाण्यांचे सगळे शब्द पहिल्यांदा छापून आले. इतकी वर्षं जे हवं होतं ते हाती आलं. तोवर नोकरीला लागलेल्या त्या श्रोत्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. शब्द उत्तम होते. पण जिथे बेरीचा ठेका असायचा तिथे आता यंत्रं टिकटिकत होती, आणि तिघं एकमेकांना चाचपडत शोधत होते. ‘अप’ म्हणूनच प्रामाणिक आहे. त्यात उणीव झाकलेली नाही. 2004चा ‘अराउंड द सन’ मात्र तो आता लावत नाही. बकनेही पुढे त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. 2008च्या ‘ॲक्सिलरेट’मध्ये गिटारला पुन्हा धार आली, 2011च्या ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’ने पंधरा स्टुडिओ अल्बम पूर्ण झाले, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बँडने भांडणतंटा न करता आपण थांबत असल्याचं जाहीर केलं.

पुन्हा एकत्र येण्यासाठी त्यांच्यामागे लकडा लागला, पण त्यांनी दाद दिली नाही. अपवाद क्वचितच. जून 2024मध्ये न्यूयॉर्कच्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये बेरी, बक, मिल्स आणि स्टाइप या चौघांना गीतकार म्हणून एकत्र घेतलं गेलं. बेरीसह चौघं मंचावर आले आणि त्यांनी एकच गाणं सादर केलं.