गेम लावला की लॅपटॉप बंद : मोटारीच्या हिशेबानं शोधलेला बिघाड



आजची नोंद पिकाची नाही, लॅपटॉपची आहे. आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात आता घरोघरी शिकणारं पोरगं आहे आणि पोरामागं लॅपटॉपही आलाय. त्यात गेम असतात, तसंच कॉलेजचं काम, पीक विम्याच्या पावत्या अन् सातबाराही असतात. माझ्या लेकाच्या लॅपटॉपमध्ये तर माझ्या पाच वर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि प्लॉटनिहाय उताऱ्याचा हिशेब आहे. त्यामुळं तो बंद पडला तेव्हा मलाही गप्प बसता आलं नाही.

पोरगा लातूरला बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये आठ दिवस गावाकडं आला. म्हणला, "बाबा, लॅपटॉप सारखा बंद पडायलाय." साधं टायपिंग केलं, व्हिडिओ बघितला तर तासन्‌तास चालायचा. गाड्यांच्या रेसचा गेम लावला की पंखा जोरात ओरडायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन एकदम काळी. सूचना नाही, काही नाही. लगेच बटन दाबलं तर दाद द्यायचा नाही. थोडं थांबलं की परत चालू.

घरात निकाल लगेच लागला. पोराची आई म्हणली, "गेम खेळून खेळूनच बिघडवलाय." धाकटा भाऊ म्हणला, "येईल त्या भावात विकून मोकळा हो." एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं खोलून न बघताच मदरबोर्ड गेलाय सांगितलं आणि खर्च सांगितला १४,५०० रुपये. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावानं धरलं तरी हे जवळपास तीन क्विंटल सोयाबीन झालं, आणि बाजारात भाव तर त्याच्याही खाली होता. पोरगं दोन दिवस कुणाशी धड बोललं नाही.

मला लॅपटॉपमधलं फार कळत नाही, पण बंद पडून थोड्या वेळानं आपोआप चालू होणारी वस्तू माझ्या ओळखीची आहे. ती म्हणजे विहिरीवरची मोटार.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटार जास्त करंट ओढायला लागली की त्यातली पट्टी तापते, वाकते आणि मोटार बंद करते. पट्टी गार झाली की मोटार परत चालते. आता रिले पडला याचा अर्थ रिले बिघडला असा नसतो. एखादा फेज गेलेला असतो, व्होल्टेज कमी असतं, पंपात गाळ अडकलेला असतो नाहीतर बेअरिंग धरलेलं असतं. रिले फक्त सांगतो की मोटार तापायली, बघा. तरीबी आपल्याकडं काहीजण रिलेत काडी अडकवून मोटार चालवतात आणि आठ दिवसांत रिवाइंडिंगला नेतात.

लॅपटॉपमध्येही अशीच व्यवस्था असते. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारा सेन्सर असतो. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. तिथं पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्यानं भागलं नाही तर जळण्याआधी स्वतःला बंद करतो. म्हणजे तो बंद पडत होता म्हणूनच अजून वाचलेला होता.

मग आम्ही बापलेक बसलो. पहिलं काम, सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या. दुसरं काम, वही काढली. प्लॉटवर ट्रायल घेताना आपण एकावेळी एकच गोष्ट बदलतो. खत पण बदललं, वाण पण बदललं तर उतारा कशानं वाढला ते कळत नाही. इथंही तोच नियम ठेवला. पोरानं एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, ते आतलं तापमान दाखवतं. गेम छोट्या खिडकीत लावला, बाजूला तापमान, आणि बंद पडतानाचा आकडा हुकू नये म्हणून मोबाईलनं स्क्रीनचं शूटिंग. हवेचं तापमान ओसरीतल्या थर्मामीटरवर.

वहीतल्या नोंदी अशा :

१) टायपिंग आणि इंटरनेट, दुपारी, हवा ३९ अंश. दोन तास चालला. आत ५५ ते ६० अंश. बंद पडला नाही.

२) गेम, दुपारी, लॅपटॉप गादीवर. ११ मिनिटांत बंद. शेवटचा आकडा ९९.

३) गेम, दुपारी, लॅपटॉप टेबलावर. १७ मिनिटांत बंद. आकडा ९९.

४) टेबलावरच, मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे देऊन उचललेला. २४ मिनिटांत बंद.

५) तसाच उचललेला, पहाटे साडेपाचला, हवा २५ अंश. ४६ मिनिटांनी बंद.

या पाच ओळींनी निम्मं काम केलं. गेम तोच, लॅपटॉप तोच, फक्त हवा मिळाली आणि गारवा मिळाला तसा तो जास्त टिकला. गादीवर खालच्या जाळ्या झाकतात, म्हणून तिथं सगळ्यात आधी गेला. आता उष्णतेवरचा संशय पक्का झाला.

सहावी नोंद मात्र मी मुद्दाम करायला लावली. म्हणलं, गेम बंद कर, तुझ्या कॉलेजच्या कामातलं सगळ्यात जड काम लाव. त्याच्याकडं प्रोजेक्टचे ड्रोननं काढलेले फोटो होते. ते शेकडो फोटो जोडून शेताचा एक नकाशा तयार करायचा असतो. ते काम दुपारी टेबलावर लावलं.

६) गेम नाही, नकाशाचं काम, हवा ३९ अंश. १९ मिनिटांत बंद. आकडा परत ९९.

ही नोंद मी पोराच्या आईला वाचून दाखवली. मोटार रिकामी फिरली की चालते आणि पाणी उचलायला लागली की पडते, तर दोष पाण्याला देत नाहीत. गेम म्हणजे लोड. नकाशाचं काम म्हणजे पण लोडच. गेम बंद केला असता तर बिघाड दिसला नसता इतकंच, आणि मग तो ऐन प्रोजेक्ट द्यायच्या वेळी उभा राहिला असता. ती म्हणली, "मग काय, आता खेळू द्यायचं का दिवसभर?" मी म्हणलं, किती वेळ खेळायचं ते वेगळं बोलू, पण बिघाडाचं खापर फोडून नको.

उष्णतेचा संशय असला तरी लाईटची बाजू तपासली. आपल्याकडं काहीही बिघडलं की व्होल्टेजला शिव्या देतो. पण लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यामुळं संध्याकाळच्या कमी व्होल्टेजनं तो सहसा बंद पडत नाही. आउटपुट बघायचं. आमच्यावर २० व्होल्ट, ७.५ अँपिअर होतं. गुणाकार १५० वॅट. लॅपटॉपला तेवढाच लागतो. कुणी जुना ६५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर लावून गेम खेळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चार्जिंगला लावूनबी बॅटरी उतरत जाते. बॅटरीवर गेम लावला तर लॅपटॉप जास्त वेळ चालला, पण बॅटरीवर तो स्वतःच ताकद कमी लावतो. म्हणून तेवढ्यावरून अ‍ॅडॉप्टरला दोषी धरलं नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' अशा नोंदी भरपूर सापडल्या. पोरगं घाबरलं. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता गेलं. कशामुळं गेलं ते ती सांगत नाही.

पोराच्या एका दोस्तानं फोनवर सांगितलं की तापमानाची मर्यादा वाढवायच्या सेटिंग असतात, खटपट करून बघ. मी सरळ नाही म्हणलं. ती रिलेतली काडीच झाली.

वॉरंटी संपलेली होती म्हणून खोलायचं ठरवलं. तुमची वॉरंटी चालू असेल तर खोलू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या. चार्जर काढला, मागचे स्क्रू काढून क्रमानं कागदावर ठेवले, आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली. आतली रचना बघितली तर आपल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं धाकटं भावंडं. प्रोसेसरवर तांब्याच्या चपट्या नळ्या, त्या उष्णता कडेला नेतात. कडेला पातळ पत्र्यांची जाळी, आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो.

बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती. पंखा उचलल्यावर कळलं. पंखा आणि जाळीच्या मधे घोंगडीच्या तुकड्यासारखा धुळीचा थर बसला होता, बोटानं धरून अख्खा निघाला. त्यात सोयाबीनचं बारीक भुसकटसुद्धा होतं. सुगीत मळणी यंत्राजवळ बसून पोरगं प्लॉटची वजनं लॅपटॉपवर टाकत होतं. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची जाळी चोंदते, काटा लाल पट्टीत जातो आणि आपण थांबून जाळी झाडतो. तीच हवा लॅपटॉपनंबी ओढलेली होती. हा थर आतल्या बाजूला बसतो, म्हणून बाहेरून फुंकर मारून निघत नाही.

मऊ ब्रशनं जाळी साफ केली. हवा मारताना पंख्याला बोट लावून धरायचं, मोकळा सोडला तर जास्त वेगात फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. एवढंच करून परत बसवला आणि परत नोंद घेतली.

७) गेम, दुपारी, टेबल, हवा ३९ अंश. एक तास चालला. सगळ्यात जास्त आकडा ९३. बंद पडला नाही.

बंद पडणं थांबलं, पण ९३ मला जास्तच वाटलं. प्रोसेसर आणि तांब्याच्या मधे उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. ती काही वर्षांत वाळते. ते काम नाजूक म्हणून लातूरला दुसऱ्या एका कारागिराकडं नेलं. त्यानं समोर खोललं. जुनी पेस्ट भेगाळलेल्या चिखलासारखी झाली होती. पुसून नवीन लावली, थोडीशीच. स्क्रू मात्र त्यानं एका बाजूनं ओळीनं नाही आवळले, समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, आपण इंजिनच्या हेडचे बोल्ट आवळतो तसे. ७०० रुपये घेतले.

८) गेम, दुपारी, टेबल, हवा ३९ अंश. दीड तास. जास्तीत जास्त ८५. नकाशाचं कामही त्याच दिवशी पूर्ण झालं.

१४,५०० च्या जागी ७०० रुपये. मदरबोर्ड तोच आहे.

पण सगळ्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. म्हणून थोडक्यात :

• गार असताना, गेम सुरू होताच मिनिटभरात बंद पडत असेल तर उष्णतेआधी अ‍ॅडॉप्टर, त्याची पिन आणि बॅटरी बघा.

• लाईट गेली की लगेच बंद पडत असेल तर बॅटरी संपलेली आहे.

• निळी स्क्रीन येऊन काही कोड दिसत असेल तर तो कोड लिहून घ्या. तिथं ड्रायव्हर किंवा रॅमची गडबड असू शकते.

• फक्त गेम बंद होऊन लॅपटॉप चालूच राहत असेल तर दोष बहुतेक गेममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असतो.

• टचपॅड वर उचललं असेल, खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगलीय. लगेच चार्जिंग बंद करा, वापर बंद करा. टोचू नका, दाबू नका, ती पेट घेते. कारागिराकडंच न्या.

• साफ केल्यावरही तापत असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. खेळात फार फरक दिसत नाही, लोड कमी होतो.

पत्र्याच्या घरात मे महिन्यात हवाच ४० च्या पुढं असते. बाहेर जितकं तापतं, साधारण तितकंच आतही वाढतं. पुण्यातल्या माणसाचा लॅपटॉप ज्या धुळीवर निभावतो, त्याच धुळीवर आपला बंद पडतो. म्हणून आमच्या वहीत आता एक ओळ कायमची लिहिलीय : मळणी झाली की ट्रॅक्टरची जाळी, स्टार्टरचा डबा आणि लॅपटॉपचा पंखा, तिन्ही साफ. वजनं घ्यायला मळणीजवळ आता कागद-पेन असतं, लॅपटॉप घरात.

आणि कुणी न खोलता मदरबोर्ड गेला म्हणत असेल तर आधी दोन दिवस आकडे लिहा. मग ती वही घेऊन दुकानात जा.