भागीचे घोडे

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही आपल्याकडची जुनी म्हण. घोडा अनेकांचा असला की त्याच्या पाठीवरची जखम कोणाचीच नसते. स्वार सगळेच होतात, मलमपट्टी मात्र दुसऱ्याने करावी अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना मी म्हैसूरला विमान चालवायला शिकू लागलो, तेव्हा ही म्हण मला वारंवार आठवे. ज्या विमानात मी शिकत होतो ते माझे नव्हते. आम्ही बारा-तेरा जण तासाचे भाडे भरून ते पाळीपाळीने वापरत होतो. गावाकडे सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात, तशाच या आकाशाच्या पाळ्या.

शहराच्या दक्षिणेला, नंजनगूडच्या रस्त्यालगत मंडकळ्ळीचा विमानतळ आहे. तो संस्थानी काळातला. जागा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारी हवा विरळ झाली म्हणजे आमचे लहानसे सेसना जमीन सोडायला अंमळ अधिक धाव घेई. वर गेले की एका अंगाला चामुंडीची टेकडी आणि दुसऱ्या अंगाला, दूर, नंजनगूडची कपिला दिसे. पण विमानविद्येचा खरा आरंभ या दृश्यापाशी होत नाही. तो जमिनीवर, विमानाभोवती घातलेल्या प्रदक्षिणेत होतो. टाकीच्या तळातून निळसर पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाण्याचा थेंब नाही ना हे पाहायचे. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवायचे. तेलाची पातळी मोजायची. आणि या सर्वांच्या आधी नोंदवही वाचायची. आपल्याआधी जो उडाला, त्याने विमानाविषयी काय लिहून ठेवले आहे, यावर आपला जीव अवलंबून असतो.

भारतात पुष्कळांचे उड्डाणशिक्षण अशा सामाईक विमानांवरच झाले आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबातच शिकले. पुढच्याच वर्षी आगाखानांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी ते भारतातून इंग्लंडकडे एकटे निघाले. उलट दिशेने अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा स्पर्धक येत होता. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला आणि बक्षीस अस्पीने जिंकले. १९६० साली तोच भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. ही गोष्ट आपण खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात आणखी काही दिसते. ज्याने सामाईक विमानावर शिक्षण घेतले, त्याला दुसऱ्याचे इंजिन सर्वस्वी परके वाटत नसावे.

आमच्यात साताऱ्याकडचा एक तरुण होता. वडिलांनी जमीन गहाण ठेवून त्याला पाठवले होते. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातला प्रत्येक तास म्हणजे त्याच्या घरचा एकेक वाफा होता. एके सकाळी तो एकटा उडून परतला. उतरताना पुढचे चाक आधी टेकले आणि विमान उसळले. पाहणारे कोणी नव्हते. बाहेरून खूणही दिसत नव्हती. त्याने नोंदवहीत लिहिले : ‘उतरताना जोराचा धक्का. पुढचे चाक आधी टेकले.’

विमान तत्काळ उभे केले गेले. तपासणीत इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला बारीक सुरकुती आढळली. पुढच्या चाकाचा भार तिथेच पोहोचतो. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. सगळ्यांच्या पाळ्या बुडाल्या. कोणी उघड बोलले नाही, तरी जेवणाच्या टेबलाशी त्याच्या शेजारची खुर्ची काही दिवस रिकामीच राहिली. एका संध्याकाळी मी त्या खुर्चीवर बसलो आणि विचारले, “लिहिताना भीती वाटली नाही?”

तो म्हणाला, “वाटली की काका. पण माझ्यानंतर तुमची पाळी होती.”

माझी पाळी होती हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दुरुस्त झालेल्या त्याच विमानात पुढे माझे एकट्याचे पहिले उड्डाण झाले. शिक्षक उतरून गेले, शेजारचे आसन मोकळे झाले. धावपट्टीभोवती एक फेरा मारून मी खाली आलो. लोकांनी हस्तांदोलने केली. मग नोंदवही पुढे आली. ‘दोष नाही’ एवढे दोनच शब्द लिहायचे होते. सही करण्यापूर्वी मी पुन्हा एकदा विमानाभोवती फिरून आलो. पुढची पाळी कोणाची, हे तेव्हा मी फळ्यावर पाहून ठेवले होते.