आंबेनळीचा वाचक

विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा विचार मराठीच्या अभ्यासकांच्या कक्षेत सहसा येत नाही. ते तंत्रज्ञांचे क्षेत्र, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः संकेतस्थळ हीही एक संहिताच होय, आणि तिच्या वाचकाने कळविलेली अडचण पाठचिकित्सेस साहाय्यभूत ठरणारी असते.

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात जुलै २०२१ च्या अतिवृष्टीने दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. अशा वेळी घाटालगतच्या वाडीतील विद्यार्थ्याला महाविद्यालयाचा सूचनाफलकही दुरावतो. मोबाइलवर, तेही रेंज मिळेल तेव्हा, उघडणारे संकेतस्थळ एवढाच दरवाजा त्याच्यापुढे उरतो. त्याला हवी असते एकच ओळ : परीक्षेचा अर्ज भरण्याची अंतिम तारीख. परिपत्रकाचे केवळ छायाचित्र चढविलेले असेल, तर ती शोधूनही सापडत नाही. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे. तरीही मजकूर जुन्या फॉन्टात असेल, तर पडद्यावर भलतीच अक्षरे उमटतात. विद्यार्थी ‘फी’ शोधतो. पानावर ‘शुल्क’ असते. ही ओळ न वाचता आल्याने त्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

अशा तक्रारीकडे वापरणाऱ्याचे अज्ञान म्हणून पाहण्याचा मोह कार्यालयांना होतो. पाठभेदांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तेव्हा दोष संहितेत शोधला, वाचकात नव्हे. हीच दृष्टी येथे हवी.

शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत अभिप्रायाची सोय अपेक्षिलेली आहे. परंतु अभिप्रायाची चौकट ठेवणे म्हणजे अभिप्राय ऐकणे नव्हे. तक्रारींची प्रतवारी करावी, दोष दूर करावा, बदल तारखेसह नोंदवावा आणि तक्रार करणाऱ्यालाच ते पान पुन्हा वाचावयास द्यावे. त्याला हवी ती ओळ सापडली, तरच सुधारणा झाली असे मानावे.

यांतील बरेच दोष यंत्राचे नसून भाषेचे असतात. ‘शुल्क’ या शब्दाशेजारी ‘फी’ लिहावे, हे तंत्रज्ञाने कोणाला विचारावे? मराठी विभागाला. हे काम विभागाने आपले मानले, तर आंबेनळीचा वाचक विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहणार नाही.