आभाळातली पंगत



लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे काम तुमच्यापैकी पुष्कळांनी केले असेल. हातात भाताचे पातेले, पुढे तीनशे पानांची रांग, आणि मागून कुणीतरी ओरडतो आहे, "अरे, वरण कुठं अडलं?" वाढपी सगळ्यांत शेवटी जेवतो आणि तोवर जिलबी संपलेली असते. आज मी तुम्हाला अशाच एका पंगतीला नेणार आहे. ही पंगत मात्र जमिनीपासून तीस-पस्तीस हजार फुटांवर बसायची आणि तिथे पत्रावळीऐवजी चिनी मातीच्या बशा असायच्या. विमानप्रवासाच्या ज्या काळाला लोक सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळातली ही पंगत.

सुरुवात साधीच होती, बरे का. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, ते एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून. आत टपालाच्या थैल्या होत्या. जेवणखाण कुठले? जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठचा चिखल. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचे, म्हणून ते चार महिने विमान पुण्याला उतरवावे लागे. आपल्या पाणंद रस्त्यासारखीच गत!

त्यानंतर सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ ला, 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघाले. प्रवासी ३५. तिकीट १,७२० रुपये. त्या वेळी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होते. म्हणजे पंधरा-सोळा तोळे मोडले, तर एका माणसाचे एकेरी जाणे. त्या ३५ जणांत संस्थानिक होते, हे वेगळे सांगायला नको.

आता आपण त्या काळातल्या सर्वांत थाटाच्या विमानात शिरू. साल १९७१. एअर इंडियाने दुमजली जंबो विमान आणले आणि त्याला नाव दिले 'सम्राट अशोक'. बाहेरून पाहिले, तर प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची झरोक्याची महिरप रंगवलेली, जणू राजवाड्याची भिंतच आभाळात चालली आहे. जाहिरातही तशीच होती : आकाशातला राजवाडा. जिना चढून तुम्ही आत आलात, की दारात साडी नेसलेली हवाई सुंदरी हात जोडून नमस्कार करणार. (पूर्वी या मुली स्कर्ट घालत. साडी नंतर आली, आणि जगभर तीच या कंपनीची ओळख ठरली.) पहिल्या वर्गाची जागा विमानाच्या अगदी नाकात. तिथून एक गोल वळणाचा जिना वर जातो. वर बैठकीची खोली आहे. जेवण झाले, की वर जाऊन कोचावर बसायचे, गप्पा मारायच्या, सिगारेट ओढायची. हो, त्या काळी विमानात सिगारेट चालत असे.

सिगारेटवरून एक गंमत आठवली. १९६७ साली कंपनीने साल्व्हादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून पहिल्या वर्गाच्या पाहुण्यांना भेट देण्यासाठी राखदाणी करवून घेतली. मोबदला काय घेणार, असे विचारल्यावर गृहस्थ म्हणाला, हत्तीचे पिल्लू! मग बंगळूरहून एक पिल्लू विमानात चढवले, जिनिव्हाला उतरवले आणि पुढे ट्रकने स्पेनमध्ये त्याच्या गावी पोचवले. बैलबाजारात आपण एवढे घासाघीस करतो, पण असला सौदा कधी ऐकला नव्हता.

आणि जेवण? पहिल्या वर्गात ताट आणून ठेवायची पद्धत नव्हती. पांढरीशुभ्र चादर अंथरली जाई. मग चाकाची गाडी यायची, तिच्यावर भाजलेल्या मांसाचा अख्खा तुकडा, आणि तो तुमच्यासमोर, तुम्ही म्हणाल तेवढा, कापून वाढायचा. माशांची अंडी, चीज, फळे, मद्य, सगळे एकामागून एक. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने तर पॅरिसच्या मॅक्झिम्स या नामांकित खानावळीच्या नावाने पदार्थ वाढले. आपल्या विमानात साहेबी पदार्थांबरोबर देशी कालवणेही असत. खुद्द टाटांचे लक्ष इतके बारीक, की विमानातला चहा आणि कॉफी रंगावरून वेगळी ओळखू येत नाही, अशी तक्रार त्यांनी लिहून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, एवढे लाड कशासाठी? कंपन्यांचे मन मोठे होते म्हणून? नव्हे. आपल्या तालुक्याच्या गावी खताची चार दुकाने असतात. पोत्याचा भाव ठरलेला, चारही दुकानांत तोच. मग गिऱ्हाईक आपल्याकडे यावे म्हणून दुकानदार काय करतो? पंखा लावतो, चहा मागवतो, घरच्यांची विचारपूस करतो. विमानांचेही तेच होते. १९४५ साली विमान कंपन्यांची एक जागतिक संघटना झाली आणि देशोदेशीचे भाडे त्या सगळ्या मिळून ठरवू लागल्या. सरकारेही त्याला मान्यता देत. कोणत्याही कंपनीने जा, पैसे तेवढेच. तेव्हा चढाओढ उरली ती ताटातली.

ही चढाओढ कुठवर गेली, त्याचा एक किस्सा ऐका. १९५८ साली अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या विमानांत स्वस्त वर्ग सुरू झाला. भाडे कमी, तेव्हा जेवणही कमी, असा नियम झाला. या वर्गाला फक्त सँडविच द्यायचे, तेही साधे, थंड आणि स्वस्त. पण स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या देशांत सँडविच म्हणजे खाली पावाचा एक काप आणि वर मांस, मासे, चीज यांचा ढीग. भाकरीवर पिठले नव्हे, पिठल्याखाली भाकरी शोधावी असा प्रकार! अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली. हे सँडविच नव्हे, हे जेवण आहे. पंचायत बसली, पावाचा तुकडा म्हणजे नेमके काय यावर थोरामोठ्यांनी खल केला, आणि अखेर स्कँडिनेव्हियन कंपनीला २०,००० डॉलर दंड झाला. जेवण चांगले दिले म्हणून दंड झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण घरच्या बायकांना खरा प्रश्न हा पडला असेल, की एवढे रांधायचे कुठे? विमानात चूल नसते. अन्न जमिनीवर शिजते, लगेच गार करतात, गाडीने विमानात चढवतात आणि वर गेल्यावर आत पंखा असलेल्या भट्टीत तापवतात. यात मोठी मेख आहे. विमानातली हवा दाबून ठेवलेली असली, तरी ती जमिनीसारखी नसते. सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी ती विरळ असते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावरच्या हवेहूनही विरळ. तिथे पाणी ९२ ते ९४ अंशांवरच उकळते. शिवाय हवा इतकी कोरडी, की नाक-घसा सुकतो. नाक सुकले, की चव गेली. मीठ कमी लागते, गोडही कमी लागते. इंजिनाची घरघरही चवीला मारक ठरते.

कोरडे पदार्थ तर तापवल्यावर चिवट होतात. १९७३ साली एका फ्रेंच कंपनीने रेमों ऑलिव्हेर या मोठ्या आचाऱ्याला सल्ला विचारला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की रस्सा करा. रश्शात बुडवलेले मांस दुसऱ्यांदा तापवले तरी कोरडे पडत नाही. आपल्याकडे शिळ्या कालवणाला दुसऱ्या दिवशी चव येते, हे कोणतीही सासू सांगेल. त्यासाठी पॅरिसला जायला नको होते.

पण शिळ्या अन्नाची दुसरी बाजूही आहे, आणि ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपानचे एक जंबो विमान टोकियोहून अलास्कामार्गे कोपनहेगनला चालले होते. अलास्कात न्याहारीची ताटे चढवली. आम्लेट आणि डुकराचे मांस. कोपनहेगन जवळ आले तेव्हा न्याहारी वाढली, आणि थोड्याच वेळात लोक पोट धरून वाकू लागले. १९७ जण आजारी पडले. चौकशीत निघाले काय? एका आचाऱ्याच्या बोटांना जखमा होत्या. त्यातले जंतू मांसाला लागले, आणि ताटे तासन् तास थंडाव्याविना राहिल्याने ते वाढले. हे जंतू जे विष सोडतात ते पुन्हा तापवल्याने जात नाही. वैमानिक वाचले, कारण त्यांच्या पोटाच्या घड्याळाप्रमाणे ती वेळ रात्रीच्या जेवणाची होती आणि त्यांनी वेगळे खाल्ले होते. त्यांनीही आम्लेट खाल्ले असते, तर विमान कोणी उतरवले असते? विमान चालवणाऱ्या दोघांनी एकच पदार्थ खाऊ नये, ही खबरदारी अनेक कंपन्या घेतात. लग्नाघरी भाताच्या पातेल्याशी बसणाऱ्याच्या बोटाला चिंधी दिसली, तर त्याला दुसरे काम द्या.

आता वाढप्यांकडे येतो. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च नावाची एक परिचारिका विमान कंपनीकडे गेली. तिला विमान चालवता येत होते आणि वैमानिकच व्हायचे होते. ते काम तिला मिळाले नाही. मग तिनेच सुचवले, की प्रवासी घाबरतात, त्यांच्याजवळ परिचारिका ठेवा. अशा आठ मुलींपासून हा पेशा सुरू झाला. अट अशी, की मुलगी तरुण हवी, सडसडीत हवी आणि अविवाहित हवी.

पन्नास वर्षांनी आपल्याकडेही फारसे वेगळे नव्हते. आकाशातल्या राजवाड्यात नमस्कार करणाऱ्या त्या मुलीला कोणते नियम लागू होते, ते वाचा. वय ३५ झाले, की निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले, तर नोकरी गेली. आणि पहिल्यांदा दिवस गेले, तर तेव्हाच गेली. वरिष्ठांची मर्जी असली, तर पुढे वर्षा-वर्षाने ४५ पर्यंत मुदत वाढायची. त्याच विमानात तीच गाडी ढकलणारा पुरुष ५८ पर्यंत नोकरी करी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सोबतिणींनी याविरुद्ध दाद मागितली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, वरिष्ठांच्या मर्जीवरचा कारभारही रद्द केला. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र हात लावला नाही, आणि बाई-पुरुषांची निवृत्ती वेगवेगळ्या वयात ठेवण्यातही न्यायालयाला वावगे दिसले नाही. निम्मा न्याय म्हणा. ही लढाई पुढेही बरीच वर्षे चालली. ऊस खुरपणाऱ्या बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी का, असे विचारणाऱ्या आमच्या भगिनींना यात ओळखीचे काही दिसेल.

'सम्राट अशोक'चे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते सांताक्रूझहून दुबईला निघाले. विमान कलते आहे की सरळ आहे, हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश, अंदाज घ्यायला दिवा नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. कोणी वाचले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमानभाड्यावरचे सरकारी बंधन उठवण्याचा कायदा केला. हळूहळू जगभर भाड्यात चढाओढ सुरू झाली आणि ताटातली चढाओढ आटली. वरच्या मजल्यावरचे कोच काढून तिथे खुर्च्या बसवल्या. बशा जाऊन डबे आले. जुने प्रवासी अजून हळहळतात. मला वाईट वाटते ते त्या रंगवलेल्या झरोक्यांचे. तिकिटाचे मुळीच नाही. पंधरा तोळे सोन्याचे तिकीट होते, तोवर आपल्यापैकी कोणी त्या पंगतीला बसलेच नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी मुंबईहून दुबईला गेलो, तोच रस्ता. शेजारी लातूरकडचा एक पोरगा, गवंडीकामाला चाललेला. जेवणाचा डबा आला. रश्शाला ना मीठ ना तिखट. म्हणजे असेल, आम्हाला लागत नव्हते. पोराने हळूच पिशवीतून फडके सोडले. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आधी माझ्या हातावर वाढला, मग स्वतः घेतला. त्या उंचीवरही डोळ्यांत पाणी आले!

गाडी घेऊन येणारी बाई पन्नाशीची, कानशिलावर केस पिकलेले. ती थांबली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "वासावरूनच ओळखला मी. थोडा उरला तर ठेवा हं, दादा." पोरगा लाजला. त्याने अर्धी भाकरी मोडून वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि कागदी रुमालात गुंडाळून दिला. तिने तो गाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि पुढच्या रांगेला चहा विचारत निघून गेली. सगळे डबे गोळा झाल्यावर मी हात धुवायला मागे गेलो. पडदा अर्धवट सरकलेला होता आणि ती आत उभ्याउभ्याच जेवत होती.