आईचा उजवा हात

२३ जुलै २०२४
आईला मोटरसायकलने उडवलं. उजवं मनगट. शुद्धीवर आहे.

२४ जुलै
ऑपरेशन झालं. मनगटात प्लेट आणि स्क्रू. डॉक्टर म्हणाले, हाडाचा चुरा झाला होता. हाड जुळेल, बोटांचं आत्ता सांगता येत नाही.
गाडीवर समोरच्या काकूंचा मुलगा होता. वळणावर रॉंग साइडने आला. आई कडेने चालली होती, हातात कापडाची पिशवी. गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस चिखलात पडले. भुलीतून जागी झाल्यापासून तेवढंच विचारते आहे.

२५ जुलै
काकू दवाखान्यात येऊन रडल्या. मग मला जिन्यात गाठलं. "पोलिसात नको गं देऊ. पोराचं आयटीआय चालू आहे."
दवाखान्याने पोलिसांना आधीच कळवलं होतं. संध्याकाळी हवालदार जबाब घेऊन गेले. आईने जसं झालं तसं सांगितलं. ना वाढवून, ना झाकून. सही येईना, डाव्या हाताचा अंगठा दिला.

२ ऑगस्ट
घरी आणलं. सगळं मिळून एक लाख चौतीस हजार. ऐंशी हजार आमच्याच पतसंस्थेतून कर्ज काढलं. दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात. आज माझी गेली.

९ ऑगस्ट, नागपंचमी
दिवसभर बायका येऊन कापड परत नेत होत्या. वाईट कुणीच बोललं नाही. गौरीला घालायचं म्हणून शिवायला टाकलेलं, त्यांनी तरी किती थांबायचं? आई आतल्या खोलीतून एकेकीचं नाव ऐकायची आणि मला सांगायची, "वरच्या फळीवर, हिरवं, अस्तर आत घडीत आहे."
संध्याकाळी फळी रिकामी.

१८ ऑगस्ट
पट्टी बदलायला गेलो. बाहेर एक माणूस आला, आईचं नाव माहीत असलेला. "ताई, एक रुपया खर्च नाही. आलेल्यातले वीस टक्के द्यायचे." उत्पन्न पंचवीस हजार दाखवू म्हणाला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट हवं तेवढ्या टक्क्यांचं मिळवून देतो म्हणाला.
आई म्हणाली, "मला पंचवीस हजार कधी मिळाले नाहीत." त्याला वाटलं, तिला समजलं नाही. पुन्हा समजावून सांगायला लागला. रिक्षा बोलावली आणि निघालो.

७ सप्टेंबर
गणपती बसले. काकू यंदा आरतीला आल्या नाहीत.
मामा आला. जेवताना विषय निघालाच. त्याचं म्हणणं, अपघात काय कुणी मुद्दाम करत नाही, दैवात होतं ते झालं, त्याचे पैसे काय करायचे? दावे लावणारे सगळे लबाड. उत्तर प्रदेशातल्या बोगस दाव्यांचं उदाहरण दिलं. ते खरं आहे. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच्या तपासाला एसआयटी नेमायला लावली होती. पण दुसऱ्या कुणी खोटा हात मोडला म्हणून आईचा खरा मोडलेला हात खोटा होत नाही. हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "तू शिकलेली आहेस, तुझ्याशी कोण बोलणार."
आई गप्प. डाव्या हाताने भात कालवत होती.

२७ सप्टेंबर
फिजिओथेरपी चालू आहे. रबरी चेंडू दाबायचा, गरम पाण्यात हात बुडवून बोटं मिटायची. मूठ वळते, पण अर्धी. अंगठा आणि पहिलं बोट जुळतं, त्यात जोर नाही. आज तिने सुई घेऊन पाहिली. चिमटीत सुई ठरत नाही.

१० ऑक्टोबर
साताऱ्याला वकीलबाईंकडे. फी आधी सांगितली, ठरावीक. टक्क्यांचं विचारलं तर म्हणाल्या, वकिलाने निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.
दोन वाटा सांगितल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४: कुणाची चूक हे दाखवायला नको, गंभीर दुखापतीला अडीच लाख, विषय संपला. कलम १६६: चूक सिद्ध करायची, मग झालेलं सगळं नुकसान मागायचं. २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिने.
आई लगेच म्हणाली, "पहिलं करा. पोराला दोष द्यायला नको."
वकीलबाई म्हणाल्या, घरी जाऊन हिशेब करा, मग ठरवा.

११ ऑक्टोबर
हिशेब केला. अडीच लाखांतून दवाखाना वजा केला, एक लाख सोळा हजार उरतात. आई सत्तेचाळीस वर्षांची आहे. साठीपर्यंत तरी मशीन चालवली असती. महिन्याला साडेसातशेसुद्धा पडत नाहीत. दोन अस्तराचे ब्लाऊज.
कागद तिच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघत बसली. उलट करून ठेवला.

२० ऑक्टोबर
स्कूटीचा विमा भरला. थर्ड पार्टीचे ७१४ रुपये, वर जीएसटी. दरवर्षी भरते. कशासाठी, हे कधी मनात आलं नव्हतं. माझ्या गाडीखाली कुणी आलं तर त्या माणसाला उघड्यावर पडायला लागू नये म्हणून कायद्याने सक्तीचे केलेले पैसे. काकूंनीही भरलेत. गावोगावच्या लाखो गाडीवाल्यांनी भरलेत. जखमी माणूस मागायला गेलाच नाही, तर ते कुणासाठी?
आईला सांगितलं. "म्हणजे काकूंच्या खिशातून नाही?" "नाही." पुन्हा विचारलं, "नक्की?"

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. मशीनची पूजा दरवर्षीसारखी. दिवाळीआधी आमच्याकडे रात्री दोनपर्यंत दिवा असायचा. यंदा नवालाच झोपलो.

८ डिसेंबर
जिल्हा रुग्णालयातून सर्टिफिकेट. कायमचं अंशतः अपंगत्व, २० टक्के.
म्हणजे माणूस ऐंशी टक्के शाबूत. शिंपीण किती शाबूत, ते त्या कागदाला ठाऊक नाही.

१२ डिसेंबर
वकीलबाईंनी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल समजावला. डॉक्टरचे टक्के वेगळे, कमाईवर झालेला परिणाम वेगळा. डावा हात गेलेला कारकून नोकरीवर राहू शकतो. तोच हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा गेला तर त्याचा धंदाच बसतो. न्यायाधिकरणाने धंदा बघायचा असतो.
पाच महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. कुणीतरी, कधीतरी, बसून याचा विचार केला आहे.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत
तिळगूळ घेऊन आई काकूंकडे गेली. मला नको म्हणाली. परत आली ती दार लावून बसली. रात्री सांगितलं. "मी तिला म्हटलं, दावा लावणार आहे. तुझ्यावर राग नाही, पण हात माझा गेलाय. ती म्हणाली, शेजारधर्म विसरलात."
शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असतो. जुलैपासून त्या घरातून औषधाला किती लागले, हेही कुणी विचारलं नाही.

१६ जानेवारी
अर्ज दाखल. कलम १६६.

३० मार्च, पाडवा
आईला आता फॉल लावता येतो, मशीनवर, सरळ शिलाई. हातशिलाई, हूक, काजं जमत नाहीत. कटिंग नाही, कात्री पेलत नाही. फॉलचे पैसे काय मिळणार? तरी आज एक साडी पुरी केली आणि मला दोनदा दाखवली.

७ मे
पेपरात बातमी. रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत कॅशलेस उपचार. योजना लागू. चांगलं झालं. पुढच्या कुणाला कर्ज काढावं लागणार नाही.

१९ जून
विमा कंपनीची लेखी कैफियत आली. एक, आई अचानक रस्त्यात आली. दोन, उत्पन्नाचा पुरावा नाही. तीन, मुलाकडे शिकाऊ परवाना होता, मागे पक्का परवानेवाला बसलेला नव्हता, सबब पॉलिसीच्या अटीचा भंग, जबाबदारी गाडीमालकाची. गाडी काकूंच्या नावावर.
तिसरं ऐकल्यावर आई म्हणाली, "काढून घे अर्ज. तिच्या गळ्यातलं मोडून मला पैसे नकोत."

२० जून
वकीलबाईंना फोन. शिकाऊ परवाना हाही परवानाच, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंह निकालात २००४ सालीच सांगितलं आहे. जखमीचे पैसे कंपनीला चुकणार नाहीत. मात्र अटीभंग दाखवून नंतर मालकाकडून वसूल करू पाहतील.
पहिलं, "अचानक रस्त्यात आली", हे मात्र मला सोसत नाही. पंचनाम्यात घसरल्याची खूण कडेला लागून आहे, आईच्या बाजूला.
अर्ज काढला नाही. आई दिवसभर बोलली नाही.

२८ जुलै
पुराव्यासाठी आईची वही शोधली. लांबट, पुठ्ठ्याची. पानोपानी मापं. उंची १४, छाती ३६, बाही १०. नावं अशी: पोस्टातल्या ताई. घाटावरच्या वहिनी. गुलाबी काठवाल्या. कडेला शिलाई, मिळाली की बरोबरची खूण. तारीख कुठेच नाही. "गौरीच्या आत", "हळदीला", "बारशाला".
सणावरून महिने लावत बसले. लग्नसराईत बारा हजारांवर, आषाढात चार. सरासरी नऊ हजार. वकीलबाई म्हणाल्या, दहा लिहू. आई म्हणाली, नऊ.

२१ ऑगस्ट
आईचा उलटतपास. मी मागच्या बाकावर.
कंपनीचे वकील सभ्य होते. वही उचलून म्हणाले, यावर तारीख दाखवा. आई म्हणाली, "बायका तारखेला कपडे शिवत नाहीत, कार्याला शिवतात." न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं.
मग, "आजही मशीन चालवता का?"
"हो. फॉल लावते."
वकीलबाईंचा चेहरा पडला. मला मात्र तो माणूस आठवला, पंचवीस हजारवाला. आईने त्याचं ऐकलं असतं तर या प्रश्नाला तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ती तिथेच अडखळली असती.
"किती मिळतात?" "महिन्याला हजार, बाराशे. आधी नऊ मिळायचे."

५ सप्टेंबर
पुढच्या शनिवारी राष्ट्रीय लोकअदालत. कंपनी बोलायला तयार आहे.
रात्री आकडे मांडले. कंपनीच्या पद्धतीने: सहा हजार उत्पन्न, २० टक्के, सेहेचाळीस ते पन्नास वयाला गुणक १३. एक लाख सत्याऐंशी हजार दोनशे. आमच्या पद्धतीने: नऊ हजार, त्यावर पुढच्या वाढीचे २५ टक्के, कमाईतली घट ४० टक्के धरून, गुणक तोच. सात लाख दोन हजार. दवाखाना दोन्हींत वेगळा.
चाळीस टक्केही मी कमीच धरले आहेत. नऊ हजारांचे बाराशे, म्हणजे शंभरचे तेरा उरले.

१३ सप्टेंबर
लोकअदालत. गर्दी, टेबलं, नंबर पुकारणारा शिपाई. काकू प्रतिवादी म्हणून आलेल्या, लांबच्या बाकावर.
कंपनीने तीन लाख पंचवीस हजारांपासून सुरुवात केली. वकीलबाईंनी वही आणि सर्टिफिकेट पुढे केलं. चार. साडेचार. शेवटी पाच लाख साठ हजार, वसुलीचा हक्क राखून. आईने मध्येच विचारलं, काकूंकडून काही घेणार नाही असं लिहून द्याल का? अधिकारी उठून फोन करून आले. मग पाच लाख दहा.
मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, पन्नास हजार तुझ्या हाताचे आहेत. जिने दारात येणं सोडलं तिच्यासाठी का सोडतेस? म्हणाली, "कंपनीकडून घ्यायचे ते हक्काचे. तिच्याकडून घेतले तर मला रोज समोर दिसतील."
मला अजून पटलेलं नाही. पण हात तिचा होता.
पुरसिसवर सगळ्यांच्या सह्या. आईने उजव्या हाताने केली, वाकडी. निवाडा लगेच. त्यावर अपील नाही.
एकाच एसटीने परत आलो. पाचवडच्या पुढे काकू उठून आईशेजारी येऊन बसल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

४ नोव्हेंबर
आईच्या खात्यात रक्कम जमा. कर्ज फेडलं. मशीनला मोटर बसवली. उरलेल्याची मुदत ठेव.
मामाचा फोन. विचारलं, किती मिळाले. सांगितलं. "कमीच दिले की," म्हणाला.

१७ नोव्हेंबर
वकीलबाईंनी माझा नंबर दिला म्हणून एका बाईंचा फोन. नवरा हमाल. जीपने पाय गेला. जीप गावातल्याच माणसाची. "दावा लावला तर गावात तोंड कसं दाखवू?"
मी म्हटलं, लावा. पहिल्या खबरीची नक्कल घ्या, पंचनाम्याची घ्या, औषधाची चिठ्ठीसुद्धा टाकू नका. हमाली जेवढी मिळत होती तेवढीच सांगा, वाढवू नका आणि लाजेपायी कमीही करू नका. सहा महिन्यांची मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजतात. कुणाच्या बोलण्यात ती घालवू नका.