फुकटचं तिकीट

आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की हल्ली भाजीची चौकशी मागाहून होते, आधी विषय निघतो तो पॉइंटांचा. कुणाच्या कार्डावर किती साठले, कुणी त्यातून गोव्याचं तिकीट काढलं, कोणती बँक विमानतळावर फुकट जेवू घालते. लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत मी हिशेब खात्यात काम करतो. याच परिसरातल्या दुसऱ्या एका गिरणीत अब्बा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांनी साच्याला हात लावला नाही. त्यांच्या पिढीला जेवणाच्या सुट्टीत उधारीची वही, पतपेढी आणि भिशी हे विषय पुरत. आम्हाला पॉइंट पुरतात.

माझे सहकारी हुशार आहेत. एकाचं म्हणणं, विमान कंपनीचंच कार्ड घ्यावं, सगळा खर्च त्यावर करावा आणि थेट मैल साठवावेत. दुसरा म्हणतो, बँकेचे पॉइंट बरे. ते हव्या त्या विमान कंपनीकडे वळवता येतात. तिसऱ्याला दोन्ही पटत नाही. रोख परत मिळत असेल तर बाकीच्या भानगडी कशाला, असं तो विचारतो आणि सगळे त्याच्याकडे दयेनं बघतात. माझा कल बराच काळ दुसऱ्याकडे होता. त्याचं कारण हिशेबनीसाचं आहे.

पॉइंट म्हणजे परक्याच्या टांकसाळीतलं नाणं. ते किती पाडायचं आणि त्याचा भाव काय ठेवायचा हे टांकसाळवाला ठरवतो. आज वीस हजार पॉइंटांत मिळणारं तिकीट उद्या तीस हजारांना झालं, तर आपण कुठे दाद मागणार? शिवाय टांकसाळच बंद पडली तर? मुंबईकरांनी हेही पाहिलं आहे. किंगफिशरची विमानं २०१२च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली आणि किंग क्लबातले पॉइंट लोकांच्या हातात तसेच राहिले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ला उडालं. तिथे मात्र पॉइंटांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे होता, म्हणून विमानं गेली तरी पॉइंट वाचले आणि त्याच वर्षी त्यांचं नाव इंटरमाइल्स झालं. विमान नाही पण मैल आहेत, अशी ती गंमत. विस्तारा नोव्हेंबर २०२४मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सभासदांचे पॉइंट तिकडे गेले आणि पुढच्या वर्षी एअर इंडियानं आपल्या जुन्या फ्लाइंग रिटर्न्स योजनेचं नाव महाराजा क्लब केलं. एका माणसाच्या नोकरीच्या काळात इतकी नावं बदलली, तर एकाच विमान कंपनीच्या डब्यात वीस वर्षांची शिदोरी भरून ठेवणं मला धाडसाचं वाटतं. बँकेत असेपर्यंत पॉइंटांना चार दारं असतात. एकदा विमान कंपनीकडे वळवले की ते सहसा परत येत नाहीत. म्हणून तिकीट समोर दिसेपर्यंत वळवू नयेत.

पण याच्याही आधीचा प्रश्न मला डब्याभोवती कुणी विचारताना दिसला नाही. तुम्हाला जायचंय कुठे? माझे सहकारी पॅरिस नि सिंगापूरची गणितं मांडतात, तीही पाय पसरून झोपता येईल अशा खुर्चीची, कारण तिथे एका पॉइंटाला सर्वांत जास्त किंमत येते. गणित बरोबर आहे. पण आमच्या घरांतून माणसं मस्कत, कुवेत, दुबईला जातात, नोकरीला. आणि जेद्दा-मदिनेला जातात, आयुष्यात एकदा. मुंबईहून थेट जेद्दाला सौदिया जाते, एअर इंडिया जाते, इंडिगोही जाते. इंडिगोनं तर २०२४पर्यंत स्वतःची पॉइंट योजनाच काढली नव्हती. ज्याला जेद्दाला जायचं आहे त्यानं या दारांपैकी एखादं उघडेल तिथेच साठवावं. पॅरिसचा भाव बघून साठवू नये. आणखी एक, ‘फुकट’ तिकिटावरही कर आणि विमानतळाचे आकार रोखीनं भरावेच लागतात. रमजानच्या दिवसांत पॉइंटांवरच्या जागा दिसतही नाहीत.

मला जेद्दाला जायचं होतं ते अम्मीला घेऊन. अब्बांची हजची हौस जहाजाची होती. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात गावाकडून आलेल्या हाजींना भेटायला ते मला लहानपणी न्यायचे. गाठोडी, सुरया, रडणाऱ्या बायका, आणि सगळीकडे अत्तराचा वास. संपानंतर त्यांची हौस हौसच राहिली. १९९५नंतर मुंबईहून हजची जहाजंही बंद झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी अब्बाही गेले. अम्मी आता शहात्तरची आहे. हजची दगदग तिला झेपणार नाही, उमरा झेपेल, असं डॉक्टर म्हणाले. मी हिशेब केला. कार्डावरचे पॉइंट अधिक ऑफिसच्या कामासाठी केलेल्या विमानप्रवासाचे मैल, मिळून दोन तिकिटं निघत होती. मी तिला सांगितलं की तुझं तिकीट फुकट येतंय.

आमच्या घरातली बोली दखनी, दाराबाहेरची मराठी. अम्मी रागावली किंवा शंका आली की दखनीवर येते. “फुकट कौन देता रे?” ती म्हणाली.

प्रश्न साधा होता. माझ्या हिशेब खात्यात तो पहिल्या दिवशी विचारायला शिकवतात: जमेची ही रक्कम कुठून आली? तिला समजेल असं उत्तर शोधायला मला लालबागच्या मिरची गल्लीत जावं लागलं. तिथला मसालेवाला तिच्या चांगल्या ओळखीचा. कार्ड पुढे केलं की तो हमखास म्हणतो, “कार्ड नको मावशी, दोन टक्के जातात.” ते दोन टक्के, कुठे कमी कुठे जास्त, बँका आणि कार्डाची जाळी चालवणाऱ्या कंपन्या वाटून घेतात. त्यातला एक घास पॉइंटांच्या रूपानं माझ्या ताटात पडतो. दादरला रानडे रोडवर किंवा गिरगावात ठाकूरद्वारला साडीच्या दुकानात ते दोन टक्के कुणी बोलून दाखवत नाही, ते किमतीतच मुरलेले असतात. म्हणजे रोख देणारी बाई माझ्या तिकिटाला थोडा हातभार लावते आणि तिला ते माहीतही नसतं.

अम्मीला हे तितकंसं खुपलं नाही. दुकानदार दलाली देतो, दलालीतून तुला बक्षीस मिळतं, व्यापारात असं चालतंच, ती म्हणाली. “और?”

और म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा. नाव कशाला सांगू. कुरिअर कंपनीत नोकरी, लग्नाच्या वेळी घेतलेलं क्रेडिट कार्ड. बिल आलं की त्यावर ‘किमान देय’ म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो, साधारण पाच टक्के. तेवढं भरलं की आपण सुटलो असं त्याला वाटायचं. एकदा त्याच्याबरोबर कागदावर मांडलं. पन्नास हजारांचं बिल, त्यानं भरले अडीच हजार. राहिले साडेसत्तेचाळीस. महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,६६२ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,९६० च्या वर. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला सवलतीचे दिवसही मिळत नाहीत. त्याच पन्नास हजारांवर त्याला मिळालेल्या पॉइंटांची किंमत पाचशेच्या आसपास. बँकेच्या कार्डांच्या धंद्यात असल्या व्याजाचा वाटा मोठा असतो. त्या पैशातून माझ्यासारख्या वेळेवर भरणाऱ्याला खूश ठेवणं तिला परवडतं.

हे ऐकून अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यानी के, उसका सूद तेरे टिकट में.”

मी हिशेबनीस, मी म्हणालो की पैसा पैशात मिसळतो, कोणता रुपया कुठला हे सांगता येत नाही. मी आजवर एकदाही व्याज भरलेलं नाही हेही सांगितलं. माझी मुलगी कायद्याची विद्यार्थिनी. तिनं जास्त खोलात वाचलं होतं. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं सन २०००मध्ये रियाधच्या बैठकीत यावर ठराव केला आहे. खात्यात पैसे नसताना उधारीवर चालणारं कार्ड, ज्याच्या करारात उशिरा भरल्यास व्याजाची अट आहे, ते घेणं योग्य नाही, माणसाचा वेळेत भरायचा इरादा असला तरी. मात्र बँकेनं दुकानदाराकडून दलाली घेण्याला त्याच ठरावानं हरकत घेतलेली नाही. अशा उधारीच्या कार्डावर सोनं-चांदी घेऊ नये असंही त्यात आहे. याउलट वेळेत भरलं तर चालतं असं मानणारे आलिमही आहेत, कारण आजच्या व्यवहारात कार्डावाचून अडतं. मुलीनं दोन्ही बाजू मांडल्या आणि वकिली थाटात गप्प बसली. मग हळूच विचारलं, “पॉइंटांवर जकात लागते का हो?” मशिदीतल्या मौलानांना मी हे विचारलं तेव्हा ते हसले, आणि आधी विकून दाखव, म्हणाले.

मला या चर्चेत हजच्या सबसिडीची आठवण येत होती. किती वर्षं आपण ऐकलं, की तुम्हाला सरकार फुकट विमानानं हजला पाठवतं! पैसे जायचे विमान कंपनीकडे, भाडं ठरवायची तीच, आणि उपकाराचं ओझं मात्र हाजीच्या डोक्यावर. सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये दहा वर्षांत ती संपवा म्हणून सांगितलं, २०१८मध्ये ती बंद झाली. फुकटच्या तिकिटावर नाव एकाचं असतं आणि माया दुसरा जमवतो, हे आपल्या लोकांना नव्यानं शिकवायला नको.

अम्मीनं निवाडा केला तो असा. तिचं तिकीट भिशीचं. चाळीत असल्यापासून ती भिशीत आहे. चाळ पाडून टॉवर झाला, बायका चिंचपोकळीपासून डोंबिवलीपर्यंत पांगल्या, तरी बारा जणी अजून महिन्याच्या पहिल्या रविवारी जमतात. त्या वर्षी चिठ्ठी सुमनताईंची निघाली होती. अम्मी उमऱ्याला जाणार कळल्यावर त्यांनी आपला नंबर तिला दिला आणि बदल्यात झमझमचं पाणी नाही, खजूर मागितले, कारण खजूर नातवंडं खातील. या भिशीत कुणाला व्याज नाही, कुणाला दलाली नाही, आणि पॉइंटही नाहीत.

राहिलं माझं तिकीट. कार्डाचे पॉइंट नकोत, असं ती म्हणाली. पण प्रत्यक्ष उडून मिळवलेले मैल? दहा वर्षं दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशी शाखांची तपासणी करत फिरलो त्याचे ते. “वो तेरी मेहनत के,” ती म्हणाली. इथे मुलीनं पुन्हा नाक खुपसलं. तिकिटाचे पैसे कंपनीनं दिले, मग मैल कंपनीचे नाहीत का? प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेत १९८१ साली या योजना जोरात निघाल्या तेव्हाच विमान कंपन्यांना ही खुबी सापडली होती: तिकिटाचे पैसे मालक देतो, बक्षीस नोकराला द्यायचं, म्हणजे नोकर महागडं असलं तरी आपलंच विमान धरतो. आमच्या साहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, अहो ठेवा तुम्ही, कोण मागतंय. अम्मीनं विचारलं, “लिख के लिया क्या?” मी ईमेल मागवली. साहेबांना वाटलं माझी कुठेतरी चौकशी लागली आहे.

म्हणजे कुठे साठवावं या प्रश्नाचं आमच्या घरातलं उत्तर डब्याभोवतीच्या तिन्ही उत्तरांहून वेगळं निघालं: विमानात बसून मिळेल तेवढं, ज्या विमानानं जायचं आहे त्याच्याकडे. त्यात दर पॉइंटाला सर्वांत जास्त भाव येत नाही. सहकाऱ्यांनी माझ्यावर पुरेसं हसून घेतलं.

२०२५च्या जानेवारीत आम्ही गेलो. माझ्या तिकिटावर कर आणि आकार म्हणून काही हजार भरले, ते डेबिट कार्डानं. अम्मीचं तिकीट पूर्ण पैशाचं असल्यामुळे तिला खिडकी मिळाली, मला मधली खुर्ची. समुद्र दिसायला लागल्यावर तिनं मला कोपरानं ढोसून विचारलं, जहाजं इथूनच जायची का रे. मी हो म्हणालो.

कार्ड मी अजून ठेवलं आहे, बिल आलं की त्याच दिवशी भरतो. मुलीला ते पटत नाही आणि तिच्या नाराजीवर माझ्याकडे चोख उत्तर नाही. त्यावरचे जुने पॉइंट तसेच पडून आहेत. बँक दर महिन्याला कळवते की ते संपत आले, एखादा मिक्सर तरी घ्या. अम्मी म्हणते, मसाला मी डंकावरच कुटून आणते.